शिंप्याचा पोर आणि पायचा निकाल

लॅम्बर्ट हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या पुस्तकात. पडद्यावरच्या चेंडूवर कुठे किती उजेड दाखवायचा, हे ज्या नियमाने काढतात तो त्याच्या नावाचा. पुढे कळलं की शाळेत आपल्याला छळणाऱ्या पायचा (वर्तुळाच्या, बरं का!) निकालही याच गृहस्थाने लावला.

योहान हाइनरिख लॅम्बर्ट जन्मला १७२८ साली म्युलूझला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. वडील शिंपी. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा वडिलांच्या हाताखाली शिवणकामाला बसला. अभ्यास रात्री, आपला आपण. मग लोखंडाच्या कारखान्यात कारकुनी, बाझेलला एका संपादकाकडे सेक्रेटरी, आणि १७४८ पासून स्वित्झर्लंडमधल्या खूर गावी एका बड्या घरच्या मुलांची शिकवणी. त्या घरातली लायब्ररी हेच त्याचं कॉलेज. १७६५ मध्ये बर्लिनच्या अकादमीत नेमणूक झाली, तीही राजा फ्रेडरिकने आढेवेढे घेतल्यावर. त्याचा अवतार राजाला पसंत नव्हता म्हणे!

आता पायचं प्रकरण. दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येते ती परिमेय संख्या, नाही येत ती अपरिमेय. परिमेय संख्येचे दशांश एक तर थांबतात, नाहीतर तोच तो गट पुन्हा पुन्हा येतो. बावीस सप्तमांशात १४२८५७ फिरत राहतात. मग अंक बघून ओळखता येईल? नाही ना! १ भागिले ९७ करा. तिथे गट ९६ अंकांचा आहे. कॅल्क्युलेटरवर दहा अंक बघणाऱ्याला काही पत्ता लागणार नाही. पायचे कितीही अंक काढले, तरी गट पुढे सुरू होणारच नाही, हे कशावरून?

लॅम्बर्ट अंक मोजत बसलाच नाही. त्याने टॅन घेतला आणि त्याचा अपूर्णांकात अपूर्णांक असा न संपणारा जिना मांडला. त्यावरून दाखवलं की कोन रेडियनमध्ये परिमेय असेल (शून्य सोडून), तर त्याचा टॅन अपरिमेयच येतो. पण ४५ अंशांचा टॅन तर १, चक्क परिमेय! म्हणजे तो कोन, अर्थात पायचा चौथा भाग, परिमेय असूच शकत नाही. संपलं. मला तर हे अजून जादूसारखं वाटतं. आमच्या धंद्यात सगळे दशांश कुठेतरी तोडूनच ठेवावे लागतात. त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये दशांशात साठवलेला पाय नेहमी परिमेयच असतो!

हा निबंध १७६८ मध्ये छापून आला. पाय पूर्णांकी सहगुणकांच्या कुठल्याच बहुपदी समीकरणाचं उत्तर नसावा, असा अंदाजही त्याने बांधला होता. तो १८८२ मध्ये लिंडमनने सिद्ध केला. लॅम्बर्ट मात्र १७७७ मध्येच, ४९ व्या वर्षी क्षयाने गेला. आणि गंमत म्हणजे पाय आणि ई, दोन्ही अपरिमेय. पण त्यांची बेरीज परिमेय की अपरिमेय, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही.