डोळे मिटायला सांगणारा डॉक्टर

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत आणि पानपिंपरीच्या वाफ्यांत हयात घालवलेली म्हातारी माणसं सरकारी दवाखान्यात एक तक्रार हमखास सांगतात. दिवसा चालणं ठीक असतं. पण रात्री लाईट गेली की, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. घरच्यांच्या मते हा अशक्तपणा असतो, सलाईन लावलं की झालं. अशा रुग्णाला मी पाय जुळवून उभं करतो आणि डोळे मिटायला सांगतो. या तपासणीला मोरित्झ रोमबर्ग यांचं नाव आहे.

त्यांचा जन्म १७९५ साली जर्मनीतल्या मायनिंगेनचा, ज्यू कुटुंबातला. १८१७ मध्ये ते बर्लिनला डॉक्टर झाले आणि १८२० पासून सुमारे पंचवीस वर्षं त्याच शहरात गरिबांचे डॉक्टर म्हणून राबले. १८३१ मध्ये कॉलरा आला तेव्हा कॉलऱ्याच्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी घेतली, १८३७ मध्ये पुन्हा घेतली. प्राध्यापकी वगैरे पुढे मिळालीच. पण त्यांची नजर घडली ती या गर्दीत, असं मला सरकारी नोकरीतल्या अनुभवावरून वाटतं.

१८४० ते १८४६ या काळात त्यांचा मज्जासंस्थेच्या आजारांवरचा ग्रंथ निघाला. त्यात पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या एका आजाराचं वर्णन आहे. हे रुग्ण उजेडात उभे राहत आणि डोळे मिटताच डुलू लागत. कारण असं, की तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान, आणि तळपाय व सांधे. तळपायाची खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते. ती वाट तुटली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो. डोळे मिटले की तोही आधार जातो.

इथे एक चूक वारंवार होते. लहान मेंदू बिघडला असेल तर माणूस डोळे उघडे असतानाही डुलतो. म्हणून आधी उघड्या डोळ्यांनी उभं करून पाहायचं असतं. घाईच्या ओपीडीत नेमकी हीच पायरी गळते, आणि मग निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

रोमबर्ग १८७३ मध्ये बर्लिनलाच वारले. त्यांनी वर्णन केलेला आजार सिफिलिसमुळे होतो, हे वैद्यकाने त्यानंतर मान्य केलं. पेनिसिलीन आल्यावर तो विरळ झाला. तपासणी मात्र टिकली. फिजिओथेरपिस्ट आज तीच सेकंद मोजून करतात, एका पावलापुढे दुसरं ठेवून किंवा मऊ फोमवर उभं करून करतात. प्रयोगशाळेत शरीराचं डुलणं मोजणारी पाटी असते. आमच्याकडे घड्याळ आणि भिंत आहे.

आता डुलणाऱ्यांत जुना मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता बऱ्याचदा सापडते. बी-१२ ची कमतरता लवकर पकडली तर इंजेक्शनांनी तोल बराच सुधारू शकतो. वर्ष-दोन वर्षं नुसत्या सलाईनवर गेली तर तेवढा फरक पडत नाही. घरी एकट्याने हा प्रयोग करू नका. तपासताना आम्हीही रुग्णाच्या दोन्ही बाजूंना हात धरून उभे असतो.