शून्याला नियम देणारा ब्रह्मगुप्त

संगणकाचे फंक्शन लिहिताना नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. शब्द दिला की फंक्शन नीट चालते. रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेली ओळ, दिली की अडते. काहीच मिळाले नाही तर काय करायचे, हे आपण सांगितलेलेच नसते. संख्यांच्या बाबतीत हा विचार तेराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ज्याने नेटाने केला, तो ब्रह्मगुप्त.

त्याचा जन्म इ. स. ५९८ मधला. पित्याचे नाव जिष्णू. आजच्या राजस्थानातील भीनमाळ, तेव्हाचे भिल्लमाल, ही त्याची कर्मभूमी. चापवंशीय राजा व्याघ्रमुखाच्या कारकिर्दीत, वयाच्या तिसाव्या वर्षी, म्हणजे ६२८ मध्ये, त्याने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला.

त्यापूर्वी शून्य मुख्यतः रिकामे स्थान दाखवीत असे. ब्रह्मगुप्ताने त्याला संख्येचा मान दिला आणि नियम बांधले. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज. दोन्ही सारखी असली की बेरीज शून्य. संख्येत शून्य मिळविले तर ती बदलत नाही. शून्याने गुणले तर शून्यच. स्ट्रिंगचेही तसेच आहे. शब्दाला रिकामी स्ट्रिंग जोडली तरी शब्द तोच राहतो आणि तिची लांबी विचारली तर ० हेच खरे उत्तर. तेथे फंक्शनने अडण्याचे कारण नाही.

पेच होता भागाकारात. शून्याने भागलेली संख्या त्याने शून्य छेदासह तशीच ठेवली. भास्कराचार्याने ११५० मध्ये तिला ‘खहर’ म्हटले. पण शून्याला शून्याने भागले तर शून्य येते, असे ब्रह्मगुप्ताने सांगितले आणि तेथे तो चुकला. त्या भागाकाराला निश्चित उत्तर नाही. रिकाम्या स्ट्रिंगचे पहिले अक्षर कोणते, हा प्रश्नही याच जातीचा. तेथे ओढूनताणून काहीतरी देण्यापेक्षा, उत्तर नाही, असे फंक्शनने स्पष्ट कळवावे हे बरे.

तरुणपणी ब्रह्मगुप्ताने आर्यभटावर कडक टीका केली होती. पुढे ६६५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ‘खण्डखाद्यक’ लिहिताना मात्र त्याने आर्यभटाचीच एक पद्धत आधाराला घेतली. आठव्या शतकात त्याचे गणित बगदादला पोहोचून अरबीत गेले. भास्कराचार्याने त्याला गणकचक्रचूडामणी म्हणून गौरविले.

शून्याच्या एका नियमात तो चुकला, हे खरे. पण नियम लिहून ठेवला म्हणूनच मागाहून आलेल्यांना ती चूक शोधता आली. रिकाम्या जागेविषयी गप्प बसणाऱ्याची चूक मात्र कोणालाच सापडत नाही.