डॉन इग्नासिओ देल वाये आणि कामुलोसचें घर

घरांतील आल्तारापुढें सांजवेळीं रोझरी म्हणण्याची चाल आमच्या वाचकांस परिचित आहे. अशाच एका दूरदेशीच्या घराचे धनी डॉन इग्नासिओ देल वाये यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

इग्नासिओ 1808 सालीं मेक्सिकोंतील हालिस्को प्रांतीं जन्मले व 1825 सालीं शिपाईगिरी करीत कॅलिफोर्नियांत आले. हा मुलूख तेव्हां मेक्सिकोचा होता. त्यांचे वडील डॉन अंतोनिओ सान फेर्नांदो मिशनच्या मालमत्तेचे कारभारी होते. 1839 सालीं त्याच मिशनच्या जमिनींपैकीं सुमारें 48,000 एकर सरकारनें त्यांस इनाम दिली. वास्तविक मिशनच्या मिळकतीचा निम्मा वाटा तेथील मूळ रहिवाशांस द्यावा, असा 1834 चा नियम होता. तो बहुतेक कागदावरच राहिला. कामुलोस हें नांवही त्या ताताविआम लोकांच्या गांवाचें. ही गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

बापलेकांत मात्र वितुष्ट आलें होतें. 1841 सालीं मरणोन्मुख अंतोनिओंनीं पत्र धाडून समेटाची इच्छा कळविली व इस्टेट देऊं केली. इग्नासिओ पोहोंचण्यापूर्वींच पित्यांनीं डोळे मिटले. दोघांची भेट झालीच नाहीं. पुढें तें घर ज्या भक्तीनें भरलें, तिच्या मुळाशीं ही चुकलेली भेट असावी, असें आम्हांस वाटतें.

1853 सालीं कामुलोस येथें उन्हांत वाळविलेल्या कच्च्या विटांचें चार खोल्यांचें घर उभें राहिलें. 1861 सालीं पत्नी डोन्या इसाबेल व मुलांसह इग्नासिओ तेथें राहावयास आले, आणि घर वाढत वाढत वीस खोल्यांचें झालें. जाड मातीच्या भिंतींमुळें उन्हाळ्यांत आंत गारवा राही. बाहेर कारंजें, द्राक्षांचा मांडव, सभोंवार संत्र्यांची बाग. आपल्या वसईच्या वाडीवाल्यास तेथें परकें वाटलें नसतें! मिशनें ओस पडलेलीं, देवळें दूर. म्हणून बागेंतच लहानसें लांकडी चॅपेल बांधलें. धर्मगुरु येत तेव्हां घरचीं माणसें, मजूर व शेजारी मिस्सेस जमत; एरवीं डोन्या इसाबेल स्वतः प्रार्थना चालवीत.

1860 नंतरच्या महापुरानें, अवर्षणानें व कर्जानें इस्टेटीचा बहुतेक भाग गेला. कामुलोस तेवढें राहिलें. तेथेंच इग्नासिओ 1880 सालीं वारले. 1882 सालीं हेलन हंट जॅक्सन ही लेखिका कांहीं तासांपुरती तेथें येऊन गेली, आणि तिच्या 1884 सालच्या रामोना कादंबरीमुळें प्रवाशांची रीघ लागली. 1924 सालीं कुटुंबानें घर विकलें; नव्या मालकांनीं घर व चॅपेल दोन्ही जपलीं. 1994 च्या भूकंपांत मातीच्या भिंती तडकल्या, त्या दुरुस्त झाल्या, आणि आज तेथें संग्रहालय आहे.