दोनदा ट्रेनिंग घेतलेल्या बाई

स्मरणिकेसाठी आवडत्या शिक्षकांवर लिहा, असं समितीने कळवलं. आपल्या बाईंवर आणि सरांवर बाकीच्या मैत्रिणी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. निबंधात मला दहापैकी सहाच्या वर कधी मिळाले नाहीत, हे मराठीच्या बाईंना आठवत असेलच. म्हणून मी आपल्या शाळेत कधीही न शिकवलेल्या एका बाईंबद्दल लिहिते आहे. सातवीत मला बक्षीस मिळालेलं ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे अनुताई वाघ यांचं आत्मचरित्र कित्येक वर्षं माळ्यावर पडून होतं. लॉकडाऊनमध्ये खोकी उपसताना ते हाती लागलं आणि दोन दिवसांत वाचून संपलं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. आपण सातवी-आठवीत लंगडी खेळत होतो, ते हे वय. अशा मुलीच्या वाट्याला त्या काळी स्वयंपाकघराचा कोपरा आणि सोवळंओवळं यापलीकडे फारसं काही येत नसे. घरच्यांनी मात्र तिला शिकवायचं ठरवलं. १९२५ मध्ये ती व्हर्नाक्युलर फायनल झाली आणि पुढे पुण्यात बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात गेली. विधवा बाईने स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर शिक्षिका किंवा नर्स, असे मोजकेच रस्ते होते. तेव्हा शिकवण्याची आवड वगैरे पुढची गोष्ट; आधी पोटाचा प्रश्न होता. १९२९ मध्ये चांगल्या गुणांनी ट्रेनिंग पुरं झालं. बाई एकोणीस वर्षांच्या होत्या.

हे वाचताना मला आपल्या वर्गात पाठ घ्यायला येणाऱ्या डी.एड.च्या ताई आठवल्या. हातात गुंडाळलेले तक्ते, पिशवीत पाठ टाचण, आणि शेवटच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या त्यांच्या निरीक्षक बाई. चार-पाच प्रश्न विचारून आपल्याच तोंडून धड्याचं नाव काढून घ्यायचं आणि मग हेतुकथन करायचं, ही त्यांची पद्धत आपल्याला पाठ झाली होती. म्हणून आपण मुद्दाम भलतीच उत्तरं द्यायचो. एका ताईंचं हेतुकथन शेवटपर्यंत झालंच नाही. त्यांनी पाठ कसाबसा संपवला आणि मग पाण्याच्या टाकीजवळ जाऊन रडल्या. आपण खिडकीतून बघत होतो. ‘आपण’ म्हणते आहे, पण पहिलं भलतं उत्तर माझं होतं.

असो. अनुताई आधी नाशिक जिल्ह्यात, चांदवडकडच्या ग्रामीण भागात शिकवायला गेल्या. चार वर्षांनी पुण्याला हुजूरपागेत आल्या आणि पुढची दहा-अकरा वर्षं तिथे होत्या. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः बाकावर बसायचं, असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. इथपर्यंतची कहाणी त्या काळच्या आणखी काही जिद्दी बायकांसारखी आहे.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या आणि दादरला शिशुविहार काढलेल्या. आता त्यांना बालशिक्षण खेड्यात न्यायचं होतं. पस्तीस वर्षांच्या, ट्रेनिंग झालेल्या, सोळा वर्षं शिकवलेल्या अनुताई पुण्यातली बसलेली घडी मोडून त्यांच्याबरोबर डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांचं दुसरं ट्रेनिंग इथे सुरू झालं. त्याला ना परीक्षा होती ना सर्टिफिकेट.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं तिथे येईनात. आई-बाप मजुरीला जात. मोठी मुलगी घरच्या तान्ह्याला सांभाळी, मुलगा गुरांमागे जाई. अंगावर धड कपडा नसलेलं पोर गावातल्या मुलांत बसायला बुजणारच. टाचण कितीही सुरेख असलं तरी समोर मुलंच नसतील तर ते कुणापुढे वाचायचं? मग बालवाडी उठून मुलांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. सकाळी जाऊन पोरांना गोळा करायचं, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग खेळ, गाणी, मोजणी. माँटेसरीची लाकडी साधनं महाग, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं यांची साधनं केली. लहान-मोठं, गुळगुळीत-खरखरीत, कमी-जास्त, सगळं त्यात बसतं. यात तडजोड केली असं मला वाटत नाही. मुलांच्या ओळखीच्या वस्तू लाकडी ठोकळ्यांपेक्षा सरसच असणार.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास दोघी कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत आल्या. इथे तर गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडत नसत. मग शाळा कुरणात नेली. गुरं चरताहेत आणि जवळच पोरं शिकताहेत. तिचं नाव कुरणशाळा. धाकट्याला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीसाठी शाळेला जोडून पाळणाघर केलं. आमच्या धंद्यात, वापरणारा चुकला म्हणून त्याला नावं ठेवणारा इंजिनिअर कच्चा समजतात. अनुताईंनी मुलांना नावं ठेवली नाहीत; दर वेळी शाळाच बदलली.

आणि मग त्या स्वतः शिकवणारीला शिकवू लागल्या. कोसबादला बालसेविकांचं ट्रेनिंग चाले. हेच सगळ्यात अवघड असावं. पोराचं नाक पुसायला हात पुढे होणं हे टाचणात लिहून देता येत नाही.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि कामाचा सगळा भार अनुताईंवर आला. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली. बोर्डीच्या अंगणातलं नाव त्या योजनेतून देशभर गेलं. अनुताईंना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या, तेव्हा आपण शाळेतच होतो.

त्या टाकीपाशी रडलेल्या ताईंचं नाव मला आठवत नाही. निळी साडी, लांब वेणी आणि पानाच्या भागांचा तक्ता एवढंच आठवतं. त्या पुढे शिक्षिका झाल्या का, हेही ठाऊक नाही. कुणाला त्यांचा पत्ता लागला तर मेळाव्याच्या दिवशी मला सांगा. मला त्यांना भेटायचं आहे.