तीस रेघांचा माणूस

यंदा गॅदरिंगच्या आधी आपल्या हॉस्टेलची अडगळीची खोली साफ केली, तेव्हा एक जुना व्हीसीआर आणि व्हीएचएस कॅसेट्सचा खोका सापडला. एका कॅसेटवर पेनाने फक्त ‘गॅदरिंग’ एवढंच लिहिलेलं. साल नाही, काही नाही. व्हीसीआरच्या मागे पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन भोकं. टीव्ही रूममधल्या नव्या टीव्हीला मात्र फक्त एचडीएमआय. कुणीतरी बाजारातून एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी वायर आणली. जोडली. स्क्रीन काळीच!

मग ईएनटीसीच्या पोरांनी आमचा क्लास घेतला. पिवळ्या पिनेतून येतो तो अॅनालॉग सिग्नल, आपल्याकडच्या पाल पद्धतीचा. ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. एचडीएमआयला हवेत आकडे. मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. तो सिग्नलचे आकडे करतो, रंग आणि उजेड वेगळे काढतो, दोन्ही हप्ते जोडून आख्खं चित्र बनवतो, ते ७२० किंवा १०८० रेघांवर ताणतो आणि मग पुढे पाठवतो. नुसती तांब्याची तार हे कुठून करणार?

दुसऱ्या दिवशी कन्व्हर्टरची डबी आली आणि चित्र उमटलं. थोडं थरथरणारं, कडेला फाटलेलं. त्यात आपले मेसचे काका दिसले. काळेभोर केस, हातात वाढायची बादली. काका दारात उभे राहून बघत होते. काही न बोलता आत निघून गेले.

त्या रात्री प्रश्न पडला, की ही रेघांची भानगड सुरू कुणी केली? शोधता शोधता भेटला जॉन लोगी बेअर्ड.

बेअर्डचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधल्या हेलन्सबर्ग गावी झाला. वडील धर्मोपदेशक. चार भावंडांत हा शेंडेफळ आणि कायम आजारी. पण खोड्या आपल्यासारख्याच! शाळेत असतानाच त्याने आपल्या खोलीतून मित्रांच्या घरापर्यंत तारा टाकून स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज उभं केलं होतं. पुढे ग्लासगोच्या टेक्निकल कॉलेजात इंजिनिअरिंग शिकला. विद्यापीठाची पदवी पहिल्या महायुद्धामुळे अर्धवट राहिली ती राहिलीच. तब्येतीमुळे सैन्याने घेतलं नाही, म्हणून वीज कंपनीत नोकरी धरली. तिथे कंपनीच्याच विजेवर ग्रॅफाइटचे हिरे करायला गेला आणि ग्लासगोच्या काही भागातली बत्ती गुल केली, असं सांगतात.

नंतर धंदे सुरू केले. पाय गार पडू नयेत म्हणून बुटात घालायचे खास मोजे विकले, ते चालले. मग वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला जाऊन जॅमचा कारखाना काढला, तो माश्या-किड्यांनी बुडवला. तिशी उलटली तरी हातात काही नाही. शेवटी हवापालटासाठी १९२३ मध्ये तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर हेस्टिंग्जला येऊन राहिला. दूरवरचं चित्र दाखवण्याच्या वेडाने त्याला पुरतं पछाडलं ते इथे.

मूळ कल्पना त्याची नव्हती. पॉल निपकोव या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्येच तिचं पेटंट मागितलं होतं. एक तबकडी घ्यायची, तिला गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात भोकं पाडायची आणि ती फिरवायची. प्रत्येक भोक चित्रावरून एक रेघ ओढतं. तीस भोकं, तीस रेघा, एक फेरा म्हणजे एक चित्र. प्रत्येक रेघेतला कमी-जास्त उजेड फोटोसेलवर पडतो आणि त्याचा विजेचा सिग्नल होतो. पलीकडे तशीच तबकडी त्याच वेगाने फिरवली आणि मागे दिवा त्या सिग्नलबरहुकूम लुकलुकवला, की चित्र परत तयार. कागदावर सोपं. पण निपकोवच्या काळात सिग्नल मोठा करायला व्हॉल्व्ह नव्हते. बेअर्डच्या काळात होते. पैसे मात्र नव्हते.

मग त्याने आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसारखा जुगाड केला. टोपीचा जुना खोका, चहाची पेटी, सायकलच्या दिव्याची भिंगं, रफू करायच्या सुया, लाख आणि गोंद. यातून उभ्या केलेल्या यंत्रावर सावल्या हलू लागल्या. जुलै १९२४ मध्ये हजार व्होल्टचा झटका बसला. हात भाजण्यावर निभावलं, पण घरमालकाने जागा सोडायला लावली.

बेअर्ड लंडनला आला आणि फ्रिथ स्ट्रीटवर माळ्यावरची खोली घेतली. १९२५ च्या मार्चमध्ये सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात तीन आठवडे गिऱ्हाइकांना हलत्या सावल्या दाखवून पैसे कमावले. २ ऑक्टोबर १९२५ ला बोलक्या बाहुलीचं डोकं छटांसकट पडद्यावर उमटलं. जिवंत माणसाचा चेहरा दिसतो का, हे बघायला तो धावत खाली गेला आणि तिथल्या ऑफिसातल्या वीस वर्षांच्या विल्यम टेंटनला वर घेऊन आला. टेलिव्हिजनवर दिसलेला हा पहिला माणूस मानला जातो. २६ जानेवारी १९२६ ला रॉयल इन्स्टिट्यूशनचे सभासद माळ्यावरच्या या खोलीत येऊन ते चित्र बघून गेले.

पुढची वर्षं पळापळीची. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडन ते ग्लासगो चित्र पाठवलं. १९२८ मध्ये अटलांटिकपार न्यूयॉर्कजवळ चित्र पोचवलं आणि त्याच वर्षी रंगीत चित्रही दाखवलं. ३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या ट्रान्समीटरवरून त्याचं ३० रेघांचं प्रक्षेपण सुरू झालं. सुरुवातीला ट्रान्समीटर एकच, म्हणून आधी चित्र आणि मग आवाज!

याच काळात त्याने आणखी एक उद्योग केला. तीस रेघांचं चित्र इतकं हलकं, की त्याचा सिग्नल ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्यात बसायचा. म्हणजे चेहऱ्याचासुद्धा एक आवाज होता. मग तो रेकॉर्ड का करू नये? सप्टेंबर १९२७ पासून त्याने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर चित्रं कोरायला सुरुवात केली. नाव दिलं फोनोव्हिजन. व्हीसीआरचा हा पणजोबाच म्हणा. पण यंत्राची थरथर सिग्नलमध्ये शिरायची, वेग डळमळायचा आणि लागला तबकडीतून धड चित्र निघायचं नाही. बेअर्डने नाद सोडला. तबकड्या मागे पडल्या.

मग आली शर्यत. ईएमआय कंपनीने फिरतं काही नसलेला, पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅमेरा केला. सप्टेंबर १९३५ मध्ये ३० रेघांचं प्रक्षेपण बंद झालं आणि लोकांनी हौसेने घेतलेले बेअर्डचे सेट एका दिवसात मुके झाले. आपल्या व्हीसीआरसारखेच. फरक इतकाच, की तेव्हा कन्व्हर्टर नव्हता. तो होणंही शक्य नव्हतं. रेघांची संख्या बदलायची तर आधी चित्र क्षणभर कुठेतरी साठवावं लागतं आणि १९३५ मध्ये अशी मेमरी कुणाकडेच नव्हती. १९५२ मध्ये पॅरिसचं ८१९ रेघांचं प्रक्षेपण ब्रिटनच्या ४०५ रेघांत बसवायचं झालं, तेव्हासुद्धा चक्क एका पडद्यासमोर दुसरा कॅमेरा लावावा लागला होता.

२ नोव्हेंबर १९३६ पासून बीबीसीने दोन पद्धती आलटून पालटून चालवल्या. बेअर्डच्या २४० रेघा आणि मार्कोनी-ईएमआयच्या ४०५. बेअर्डच्या एका पद्धतीत तर आधी फिल्म घ्यायची, जागेवर धुवायची आणि मग ती स्कॅन करायची. त्यामुळे कॅमेरा जागचा हलत नसे. ३० नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बेअर्ड कंपनीच्या तिथल्या प्रयोगशाळेचं प्रचंड नुकसान झालं. १९३७ च्या सुरुवातीला निकाल लागला. ४०५ रेघा जिंकल्या. एकाआड एक रेघा पाठवायची त्यांची युक्ती पुढे आपल्या दूरदर्शनच्या ६२५ रेघांतही आली.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. युद्धात टेलिव्हिजन बंद, कंपनी हातची गेलेली, तब्येत ढासळलेली. तरी हा गडी स्वतःच्या पैशाने काम करत राहिला. ज्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने त्याला हरवलं, तीच त्याने शिकून घेतली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये रंगीत चित्राची इलेक्ट्रॉनिक ट्यूब करून दाखवली. ७ जून १९४६ ला बीबीसीचा टेलिव्हिजन पुन्हा सुरू झाला. १४ जूनला बेअर्ड गेला. वय ५७.

गोष्ट इथे संपत नाही. १९८० च्या दशकात डोनाल्ड मॅक्लीन या इंजिनिअरने उरलेल्या फोनोव्हिजन तबकड्या मिळवल्या, त्यांचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि डळमळलेली एकेक रेघ प्रोग्रॅमने जागेवर बसवली. पडद्यावर बाहुलीचं तेच डोकं आलं, माणसांचे चेहरे आले. खुद्द बेअर्डला जे तबकडीतून कधी नीट बाहेर काढता आलं नाही, ते पन्नासहून जास्त वर्षांनी उमटलं. हाही एक कन्व्हर्टरच, फक्त बराच उशिरा भेटलेला. तबकड्या कुणीतरी टाकून दिल्या नव्हत्या, म्हणून भेटला.

मित्रांनो, आपल्या खोक्यातल्या दोन कॅसेट्सना बुरशी लागली आहे. बाकीच्या आम्ही एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतोय. घरी माळ्यावर कुणाच्या लग्नाची, बारशाची कॅसेट पडली असेल, तर या सुट्टीत खाली काढा. डबी टीव्ही रूमच्या कपाटात आहे, किल्ली रेक्टर सरांकडे. आणि मेसच्या काकांची कॉपी आम्ही पेन ड्राइव्हवर दिली आहे. नातवाला दाखवायची म्हणाले.