सगुणाची आई

कृपाबाई सत्यनाथन यांची गोष्ट त्यांच्या आईपासून सुरू करावी लागते, कारण त्यांनी स्वतःही ती तशीच सुरू केली. 'सगुणा' या त्यांच्या कादंबरीत नायिका बऱ्याच उशिरा येते. आधी भेटते ती राधा. लहानपणीच सासरी आलेली, घाबरलेली, सासूच्या धाकात वाढणारी एक ब्राह्मण मुलगी. कादंबरीतल्या आईचं नाव राधा आणि खऱ्या आईचं राधाबाई. लेखिकेने फारसं लपवलेलं नाही.

गाव अहमदनगर. आता ते अहिल्यानगर झालंय, म्हणजे आपल्या इंदूरच्या अहिल्याबाईंच्या नावाचं. इथल्या अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाने हरिपंत खिस्ती या ब्राह्मण तरुणाने १८३९ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. (आडनाव खिस्तीच होतं, धर्मांतरामुळे पडलेलं नाही. हा योगायोग मला फार गमतीचा वाटतो.) मुंबई इलाख्यातल्या पहिल्या ब्राह्मण ख्रिस्ती लोकांत त्यांची गणना होते. त्यांनी विचार केला, वाचलं, ठरवलं. राधाबाईंना मात्र कोणी विचारलं नव्हतं. नवरा बाटला, सासर-माहेर तुटलं, देव्हारा गेला, आणि नवऱ्यामागे जायचं हीच रीत म्हणून त्या गेल्या. कादंबरीतली राधा आधी भीतीने अर्धमेली होते, आपलं सोवळं जपत राहते आणि मग हळूहळू, फार हळू, नवऱ्याच्या धर्मात येते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. फक्त हे त्याच्या अर्धशतक आधी घडून गेलं होतं.

आपण स्थलांतर म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे विमान येतं, लंडन-न्यू जर्सी येतं. राधाबाईंचं सगळं जग एका गावातून हललंही नाही, तरी त्या परदेशी गेल्यासारख्याच होत्या. शेजारी तेच, भाषा तीच, पण पाणी भरायला आता तोच पाणवठा आपला नाही.

अशा घरात १४ फेब्रुवारी १८६२ रोजी कृपाबाई जन्मल्या, चौदा भावंडांतल्या तेराव्या. वडील लवकर गेले. एवढं मोठं घर आईच्या अंगावर पडलं. आणि ही मुलगी? ही भावांच्या पुस्तकांत डोकं घालून बसायची. कादंबरीत हा झगडा अगदी घरगुती आहे. भाऊ अभ्यासाला बसले की सगुणा तिथेच घुटमळते, आणि आई तिला उठवून कामाला लावते. पोरीच्या जातीला घरकाम यायला हवं, पुस्तकं काय कामाची, हा आईचा सूर. वाचताना माझ्या लक्षात आलं की राधाचा देव बदलला, पण मुलगी कशी असावी हे मोजायची तिची पट्टी जुनीच राहिली. ती पट्टी तिला सासूने दिली होती. दुसरी कुठून आणणार?

मला मात्र यात आईचाच राग येत नाही. जिचं सगळं एकदा हातातून गेलंय, ती उरलेलं घट्ट धरणारच. चांगल्या वळणाची मुलगी एवढंच तिच्याकडे समाजाला दाखवायला शिल्लक होतं.

सगुणाच्या बाजूने उभा राहिला तो थोरला भाऊ, भास्कर. त्याने तिला शिकवलं, डोंगरावर फिरायला नेलं, आणि आपल्या देशातल्या बायकांसाठी ही काहीतरी करील असा विश्वास तिच्यावर टाकला. तो तरुणपणीच गेला. हा घाव कृपाबाईंच्या लिखाणात शेवटपर्यंत ओला आहे. त्यानंतर त्या काही काळ दोन युरोपियन मिशनरी बाईंकडे राहिल्या, मग मुंबईच्या बोर्डिंग शाळेत गेल्या. इथे गोष्ट पुन्हा अवघड होते. आईला ही मुलगी फार इंग्रजी वाटायची, तर गोऱ्या बायकांना ती कायम नेटिव्हच. कादंबरीतली सगुणा त्या वागणुकीने चिडते, आणि मिशनच्याच जगात राहून तिने हे छापून आणलं, याचं मला अजून नवल वाटतं. घरात मराठी, सराफ्यात हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दोन्हीकडून थोडं परकं असणं वेगळं समजावून सांगायला नको.

मुंबईत एका अमेरिकन डॉक्टरबाईंनी तिची हुशारी हेरली. इंग्लंडला जाऊन वैद्यकी शिकायची संधी आली, पण तब्येत नाजूक म्हणून ती गेली. मग मद्रास. तिथल्या मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये मुलींना दार उघडलं होतं. कृपाबाई १८७८ साली दाखल झाल्या, आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या बोटीत बसण्याच्या पाच वर्षं आधी. पहिल्या वर्षी चमकल्या, आणि लगेच प्रकृतीने दगा दिला. शिक्षण सोडून त्या पुण्याला बहिणीकडे परतल्या.

पुढचं थोडक्यात. मद्रासमध्ये त्या रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घरी राहत होत्या. त्यांचा मुलगा सॅम्युअल केंब्रिजहून परतला, दोघांची भेट झाली आणि १८८१ मध्ये लग्न. आता त्या खरोखरच परप्रांतात गेल्या: नगरची मराठी मुलगी तमिळ घरात. सासूबाई ॲना सत्यनाथन मद्रासेत मुलींच्या शाळा चालवत, त्यामुळे सुनेने शिकू नये असा प्रश्नच नव्हता. उटीला सॅम्युअल शाळेचे मुख्याध्यापक असताना कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. मग राजमहेंद्री, कुंभकोणम, आणि १८८६ मध्ये परत मद्रास.

तिथे 'सगुणा' लिहून झाली. १८८७-८८ मध्ये ती मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. हो, कॉलेजच्याच मासिकात! (आमच्या संपादकांनी हे वाक्य कापू नये.) भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख सहसा होतो. शेवट मला थोडा फसलेला वाटतो. एवढी धडपडी सगुणा अखेर विलायतेहून आलेल्या शहाण्या तरुणाशी लग्न करते आणि पुस्तक संपतं. खरं आयुष्यही तसंच घडलं होतं, हे मान्य. पण मला आठवत राहतात ती सुरुवातीची पानं, राधाची. जी मुलगी आईच्या रागावण्यातून निसटून पुस्तकांकडे पळाली, तिने पुस्तक लिहिलं तेव्हा आधी आईचं बालपण लिहिलं. आईला धाकात ठेवणारी सासू, तिची भीती, नवऱ्यामागे ओढलं जाणं, हे सगळं. भांडणातली दुसरी बाजू तिने पूर्ण ऐकून घेतली होती. मात्र लिहिलं ते इंग्रजीत, आईच्या भाषेत नाही. यात तोटा कोणाचा झाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कृपाबाईंना एकच मूल झालं, आणि ते वर्षाचंही झालं नाही. त्या खचल्या. पुढे क्षय बळावला आणि तो बरा होणार नाही हे कळलं. त्या दुखण्यात त्यांनी 'कमला' लिहिली. ही हिंदू घरातली गोष्ट आहे, पार्श्वभूमी नाशिककडची. यातली नायिका आईविना वाढलेली आहे आणि सासरी ती वाचते म्हणून टोमणे खाते. म्हणजे राधाचं सासर आणि सगुणाची पुस्तकं लेखिकेने एकाच मुलीच्या पदरात घातली. इथे नायिका बंड पुरं करत नाही. विधवा झाल्यावर दुसऱ्या लग्नाची वाट समोर असूनही ती मागे वळते. आज वाचताना चिडायला होतं. पण मरणाच्या दारातली बाई आपल्या वाचकांना खोटा धीर द्यायला तयार नव्हती, असंही मला वाटतं.

३ ऑगस्ट १८९४ रोजी मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं. वय बत्तीस. 'कमला' त्याच वर्षी आणि 'सगुणा' पुस्तकरूपाने १८९५ मध्ये निघाली. त्याच १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि आणखी एका मराठी घरात तोच सगळा गोंधळ नव्याने सुरू झाला. १८९६ मध्ये दोन्ही कादंबऱ्या तमिळमध्ये आल्या.

सॅम्युअल यांनी पुढे दुसरं लग्न केलं. या पत्नीचं नाव, योगायोगाने, कमला. त्यांनी १९०१ पासून 'द इंडियन लेडीज मॅगझिन' चालवलं. आणि कमलाबाईंच्या मुलीने, पद्मिनी सेनगुप्ता यांनी, मोठेपणी आपल्या आईचं चरित्र लिहिलं. तेही इंग्रजीतच.