डॉ. विल्यम कोली

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंशी रक्तातील पांढऱ्या पेशी झुंजतात, हे आमच्या विद्यार्थ्यांनी वाचलेच आहे. शरीराची हीच शक्ती कर्करोगाविरुद्ध उभी करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. विल्यम कोली यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

कोली यांचा जन्म १८६२ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात झाला. हार्वर्ड येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते न्यूयॉर्कमध्ये शस्त्रवैद्य झाले. १८९० साली सतरा वर्षांची एक मुलगी दुखरा हात घेऊन त्यांच्याकडे आली. तो कर्करोग निघाला. हात कापूनही काही महिन्यांतच ती मरण पावली. हा पराभव तरुण कोलींच्या मनाला डाचत राहिला. त्यांनी रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळण्यास आरंभ केला आणि त्यांना एक विलक्षण नोंद आढळली. मानेवरील गाठ पुनःपुन्हा कापूनही परत वाढणाऱ्या एका रोग्यास धावरे झाले, ताप चढला आणि गाठ विरून गेली! कोलींनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत हिंडून त्या मनुष्यास शोधून काढले. सात वर्षांनंतरही तो धडधाकट होता.

१८९१ साली कोलींनी एका असाध्य रोग्यास धावऱ्याचे जिवंत जंतू टोचण्याचे साहस केले. त्याची गाठ विरली; परंतु पुढे दोन रोगी त्या संसर्गानेच दगावले. तेव्हा त्यांनी मारलेल्या जंतूंचे औषध सिद्ध केले. काहींना गुण आला, अनेकांना आला नाही. आणि असे का, हे त्यांना सांगता येईना. पुष्कळ तज्ज्ञ त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. १९३६ साली ते निवर्तले. पुढे त्यांची कन्या हेलन यांनी त्यांची टिपणे चिकाटीने जुळविली.

आज शास्त्रज्ञांना अधिक उलगडा झाला आहे. पांढऱ्या पेशींनी स्वतःच्याच शरीरावर उलटू नये म्हणून निसर्गाने त्यांना लगाम घातले आहेत. कर्करोगाच्या पेशी त्यांतील एखादा लगाम खेचून त्यांना थोपवितात. लगामास चिकटून तो निकामी करणारी प्रतिपिंडे आता औषध म्हणून दिली जातात. अशा पहिल्या औषधास अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. हा मार्ग दाखविणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले. हे औषधही सर्वांना लागू पडत नाही. मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी निरोगी अवयवांवरही धावून जातात.

ही प्रतिपिंडे कोलींच्या औषधातून निघालेली नव्हेत. परंतु बहुतेकांनी सोडून दिलेली आशा त्यांनी अखेरपर्यंत धरून ठेवली. एका मुलीच्या मृत्यूने व्यथित होऊन जुनी दप्तरे उघडणाऱ्या त्या शस्त्रवैद्यास आम्ही आदराने वंदन करतो.